शब्दांची यादी आणि यंत्राची वर्णमाला

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला)

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय, कला शाखेच्या विद्यार्थ्याचे तिकडे काय काम, असा समज आपल्याकडे दृढ आहे. कवितेचे रसग्रहण करणाऱ्याने आज्ञावलीच्या वाटेला का जावे? परंतु संगणकाला आकडे द्यावे लागतात तसे शब्दही द्यावे लागतात, आणि शब्दांचा प्रश्न निघाला की तो भाषेच्या विद्यार्थ्याच्या अंगणात येतोच. मराठी शब्दांच्या एका साध्या यादीच्या आधारे हे मी येथे मांडणार आहे.

आज्ञावली म्हणजे इंग्रजीतील किचकट ओळी, ही भीती घालविणारी काही साधने निघाली आहेत. त्यांपैकी 'स्क्रॅच' हे सुप्रसिद्ध आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते तयार केले व २००७ मध्ये सर्वांना खुले केले. ते विनामूल्य मिळते. त्यात ओळी लिहावयाच्या नसतात; पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडावयाचे असतात. ते मुख्यतः मुलांसाठी असले, तरी त्यातील 'यादी' हा प्रकार मोठ्यांनाही विचार करावयास लावील असा आहे.

यादी म्हणजे काय? एका डब्यात एकच वस्तू ठेवली तर तो झाला 'चल'. एकाच नावाखाली क्रमांक घातलेले अनेक कप्पे केले की झाली यादी. वर्गाच्या हजेरीपत्रकासारखेच हे आहे. पहिल्या क्रमांकावर कोण, अमुक नाव यादीत आहे का, असेल तर कितव्या क्रमांकावर, एकूण नोंदी किती, हे विचारणारे ठोकळे तयार मिळतात. नोंद शेवटी जोडता येते, मध्ये घुसविता येते, बदलता येते, गाळताही येते. विचारलेला शब्द यादीत नसेल तर त्याचा क्रमांक शून्य असे उत्तर येते.

येथे एक मेख आहे. तिसरी नोंद गाळली की चौथी लगेच तिसरी होते. म्हणून नको असलेल्या नोंदी वरून खाली गाळत गेलो, तर गाळलेल्या नोंदीच्या लगतची नोंद तपासावयाची राहून जाते. यावर उपाय सोपा आहे : शेवटच्या क्रमांकापासून उलटे वर यावे.

दोन याद्या शेजारी ठेवल्या की लहानसा शब्दकोश होतो. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. घरात पुस्तके नव्हती, पण शब्द पुष्कळ होते. मोट आता विहिरीवर नाही, तरी आजीच्या तोंडी तिचे सारे अवयव आहेत : मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, तिची सोंड ओढणारी बारीक दोरी ती सोल, पाणी ओतले जाते ते थारोळे, बैल मागेपुढे करतात तो उतार म्हणजे धाव. एका यादीत हे शब्द आणि दुसरीत त्याच क्रमांकाला त्यांचे अर्थ, अशी मी रचना केली. शब्द विचारला की पहिल्या यादीत त्याचा क्रमांक शोधावयाचा आणि दुसऱ्या यादीतील त्याच क्रमांकाचा अर्थ दाखवावयाचा. पथ्य एकच : एका यादीतून नोंद गाळली की दुसरीतूनही गाळली पाहिजे. नाहीतर नाड्याला सोलीचा अर्थ लागतो!

येथवर भाषा कोणतीही असली तरी फरक पडत नाही. खरी गंमत पुढे आहे.

'पुस्तक' या शब्दात अक्षरे किती? आपण तीन म्हणू. यंत्र सहा सांगते. प, उकार, स, हलन्ताचे चिन्ह, त आणि क, अशी प्रत्येक खूण ते वेगळी मोजते. दुसरे अक्षर मागितले तर नुसता उकार हाती येतो. पद्याच्या चरणातील अक्षरे मोजण्यास कोणी हा ठोकळा वापरील, तर त्याचा हिशेब पहिल्याच ओळीत चुकेल.

दुसरी अडचण अनुक्रमाची. यादी लावून देणारा तयार ठोकळा स्क्रॅचमध्ये नाही. दोन शब्दांतील आधीचा कोणता हे विचारून आपणच अदलाबदल करीत जावे लागते. शेतीतलेच शब्द घ्या : 'पास' म्हणजे कुळवाचे पाते आणि 'पाळी' म्हणजे कुळवाची पाळी. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर येतो, म्हणून आधी पास, मग पाळी. यंत्र नेमके उलटे लावते. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या व्यवस्थेने देवनागरीची मांडणी 'इस्की' या भारतीय प्रमाणाच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतली. अनेक भारतीय लिप्यांना एकच साचा असावा, या धोरणात 'ळ' हा 'ल' च्या शेजारी बसला. आकड्यांचीही अशीच गत. देवनागरीत लिहिलेले १० आणि ९ यांना स्क्रॅच संख्या मानीतच नाही. शब्द समजून पहिलेच चिन्ह पाहते आणि १० हे ९ पेक्षा लहान ठरविते! त्यांची बेरीज मागावी तर उत्तर शून्य येते.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. 'दोऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. एका प्रकारे नोंदविलेला शब्द दुसऱ्या प्रकारे विचारला, तर तो यादीत असूनही 'नाही' असे उत्तर येते. बोलणारी पिढी गेल्यावर शब्द फक्त याद्यांतूनच सापडावयाचे असतील, तर हे खोटे 'नाही' परवडणारे नाही.

उपाय यादीतच आहे. आपल्या वर्णमालेचीच एक यादी करावी, तीत 'ळ' ला 'ह' नंतर बसवावे, मात्रा व हलन्त यांना ठरलेल्या जागा द्याव्यात; आणि दोन शब्द जेथे प्रथम वेगळे पडतात तेथील खुणांचे या यादीतील क्रमांक ताडून पाहावेत. त्याचप्रमाणे यादीत भरताना आणि विचारताना, दोन्ही वेळी 'ऱ्या' चे रूप एकाच साच्यात आणणारा ठोकळ्यांचा लहानसा संच लिहावा. मग पासही जागेवर येते आणि दोऱ्याही सापडतात.

परंतु 'क्ष' ला 'क' मध्ये ठेवावे की शेवटी, अनुस्वार कोठे धरावा, हे ठरविणार कोण? हे प्रश्न यंत्राचे नव्हेत, कोशकाराचे आहेत. व्याकरणाच्या तासाला आपण वर्णमाला पाठ म्हणून सोडून देतो. येथे तीच आज्ञावलीचा पाया होते. यंत्र सांगितलेला क्रम निमूटपणे पाळते. तो क्रम मराठी जाणणाऱ्याने सांगितला नाही, तर दुसरा कोणीतरी सांगतो, आणि मग आपले शब्द दुसऱ्याच्या क्रमाने उभे राहतात. म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचे पन्नास शब्द घेऊन अशी एक यादी अवश्य करून पाहावी. त्यासाठी गणिताची फार गरज नाही; आपली वर्णमाला मात्र पक्की हवी.