वटवाघळे पाहावीत ती उन्हाळ्याच्या तोंडावर

वसई-विरारच्या वाड्यांत राहणाऱ्या ज्येष्ठांनो, वटवाघळे पाहायची तर फेब्रुवारी ते मे हा काळ निवडावा. मोठ्या फळाहारी वटवाघळांच्या माद्यांना याच सुमारास पिल्ले होतात. एका मादीला बहुधा एकच. ते आईच्या छातीला बिलगून सुरुवातीचे काही आठवडे तिच्यासवेच उडते. आभाळ निरभ्र असते, पायवाटाही कोरड्या. पावसाळ्यातल्या शेवाळावर घसरण्याचे भय नाही. सूर्यास्तानंतर सुमारे अर्ध्या तासात वडा-चिंचेवरून थवा उठतो. पंखांचा पसारा 4 फुटांच्या घरात. चष्मा घरी राहिला तरी दिसावा! अपशकुनाची जुनी समजूत तेवढी मनातून काढावी.

खुर्ची मात्र झाडाखाली नव्हे, थोडी दूर मांडावी. किल्ल्यातल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत शिरू नये. साचलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते. वटवाघळांनी उष्टावलेली फळे आणि उघड्या मडक्यातली कच्ची नीरा टाळावी, कारण निपाह विषाणू अशा मार्गाने माणसापर्यंत पोहोचू शकतो. खाली पडलेले वटवाघूळ हाताने उचलू नये. चावा वा ओरखडा बसलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.