नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

"सगळीकडे नॉमिनी लावलेत, आता मृत्युपत्र कशाला?" हे वाक्य सोसायटीच्या ऑफिसात, बँकेत, घरोघरी ऐकू येतं. मालमत्तेबाबतचा हा आपल्याकडचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. नॉमिनीनं मयताचे पैसे ताब्यात घ्यायचे आणि खऱ्या वारसांपर्यंत पोचवायचे, एवढाच साधारणपणे त्याचा अधिकार. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे १९८४ साली सांगितलं आणि शेअर-म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये. विम्यात २०१५ पासून अपवाद आहे: जोडीदार, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील, तर ती रक्कम सहसा त्यांचीच. पण महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीत नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरतं सभासदत्व मिळतं, मालकी नाही.

"माझ्यामागे सगळं बायकोचंच," असंही अनेक जण धरून चालतात. हिंदू वारसा कायदा, १९५६ वेगळं सांगतो. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. म्हणजे घरात बायको, दोन मुलं आणि आई असेल, तर नवऱ्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये बायकोचा हिस्सा फक्त चौथा. मुलं अज्ञान असतील, तर त्यांचा वाटा विकायला कोर्टाची परवानगी लागते. पुढे सासूबाईही मृत्युपत्राशिवाय गेल्या, की त्यांच्या वाट्यावर दीर-नणंदांचाही हक्क येतो. यात कुणाचा लोभ असायलाच हवा असं नाही; कायदा आपल्या वाटेनं जातो आणि घरची माणसं एकमेकांकडे संशयानं पाहू लागतात.

बायकांनी तर हा विषय टाळूच नये. सर्वोच्च न्यायालयात २००९ मध्ये निकाल लागलेलं एक प्रकरण मला फार अस्वस्थ करतं. लग्नानंतर काही महिन्यांतच एका बाईंचा नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, त्यांनी नोकरी केली, पैसा साठवला. मूलबाळ नव्हतं आणि मृत्युपत्रही केलेलं नव्हतं. त्या गेल्यावर आईनं हक्क सांगितला. पण सगळी कमाई गेली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे. न्यायालयाला सहानुभूती होती, पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निपुत्रिक विधवेच्या स्वकष्टार्जित मालमत्तेवर माहेरच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो. दोन साक्षीदारांसमोर सही केलेल्या एका कागदानं हे टळलं असतं.

आणि तो कागद खरोखरच साधा असतो. "स्टँप पेपर लागतो, वकील लागतो, नोंदणी केल्याशिवाय चालत नाही," यातलं काहीच कायद्यानं सक्तीचं नाही. वय १८ पूर्ण आणि मन ठिकाणावर असलं, की साध्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं तरी चालतं. सही मात्र दोन साक्षीदारांसमोर करावी आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान असलेला बरा, कारण पुढे कोर्टात साक्ष द्यायची वेळ त्याच्यावर येऊ शकते. नोंदणी आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र ऐच्छिक असलं, तरी कुरबुरीची शंका असेल तिथे दोन्ही जरूर घ्या.

"एकदा लिहून दिलं, की मुलं विचारणार नाहीत," ही भीती ज्येष्ठांच्या मनात असते. ती बक्षीसपत्राबाबत रास्त आहे, कारण तिथे मालकी हयातीतच जाते. मृत्युपत्र मृत्यूनंतरच लागू होतं. तोवर ते कितीही वेळा बदला; शेवटचं तेच खरं, आधीचं नोंदवलेलं असलं तरी.

वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशापुरतीच मुभा आहे. गोव्यात मुलांसारखे सक्तीचे वारस असतील, तर अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो आणि तिथली पद्धतही निराळी आहे. अशा बाबतींत जाणकाराला विचाराच.

या रविवारी घर, जमीन, खाती, एफडी, दागिने आणि लॉकर यांची यादी करा. कुणाला काय द्यायचं ते जोडीदाराशी बोला आणि दोघांनीही आपापलं मृत्युपत्र करा. ते कुठे ठेवलंय, हे विश्वासातल्या एका माणसाला सांगायला विसरू नका.