अनुवर्तन : बालकाच्या हालचालीचा मागोवा घेणारी चिकित्सा

कौमारभृत्याच्या अभ्यासकाला पहिल्या दिवसापासून एक अडचण जाणवते. रुग्ण बोलत नाही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्न तेथे निरुपयोगी ठरतो, आणि स्पर्श करू जावे तर बालक रडू लागते. उरते ते केवळ दर्शन. कश्यपसंहितेच्या सूत्रस्थानातील वेदनाध्याय हा याच अडचणीतून निर्माण झाला आहे. आपली वेदना सांगू न शकणाऱ्या बालकाची पीडा कशी ओळखावी, याचे उत्तर आचार्यांनी तेथे बालकाच्या हालचालींतून दिले आहे. डोके इकडेतिकडे हलवून डोळे मिटणाऱ्या बालकास शिरःशूल असावा. हातांनी कानांना वारंवार स्पर्श करणाऱ्यास कर्णशूल, तर स्तनपान नाकारून उताणे पडून रडणाऱ्या व पोट ताठ करणाऱ्यास उदरशूल असावा. ज्याला वाणी नाही त्याचे शरीर बोलत असते आणि वैद्याने ते ऐकावयास शिकले पाहिजे, ही या अध्यायाची भूमिका होय.

आज आपल्या चिकित्सालयांत एका वेगळ्या प्रकारचे न बोलणारे बालक येऊ लागले आहे. वय साडेतीन-चार वर्षांचे, अंगकाठी ठीक, पोषण बरे. नावाने हाक मारली तरी ते पाहत नाही. खोलीत गोलगोल फिरते, हात फडफडवते, दारांच्या बिजागऱ्यांकडे टक लावून बसते. आईच्या हातात तपासण्यांच्या कागदांची जाड पिशवी असते आणि तिचा प्रश्न एकच असतो, “हा बोलेल ना?” स्वमग्नता, विकासातील विलंब, एखाद्या आघातानंतर मिटून गेलेले मन, अशी याची कारणे निरनिराळी असतात. अशा बालकांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी जगभर जे उपाय योजले जातात, त्यांत नृत्य, हालचाल, संगीत व चित्रकला यांवर आधारलेले कलोपचार आहेत. त्यांचा परिचय, त्यांचे आयुर्वेदाशी असलेले नाते आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुश्रुताचार्यांचा एक शब्द

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात बालकास कसे वागवावे याचे मार्मिक विवेचन आहे. बालकास त्याच्या अंगाला सुख होईल असे उचलावे, दरडावू नये, झोपेतून एकदम जागे करू नये, अचानक ओढू अथवा वर उडवू नये, असे सांगून आचार्य पुढे म्हणतात की, त्याचे नित्य अनुवर्तन करावे. अनुवर्तन म्हणजे मागोमाग जाणे, त्याच्या कलाने घेणे. ज्याच्या मनाला असा धक्का पोहोचत नाही ते बालक निरोगी व प्रसन्नचित्त होऊन वाढते, असे त्याचे फळही तेथेच सांगितले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील कुमारागाराचे वर्णनही याच दृष्टीचे आहे. खेळणी रंगीबेरंगी, नाद करणारी व हलकी असावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाणारी नसावीत आणि भीती वाटेल अशी नसावीत, इतका बारकावा तेथे आढळतो. बालक ऐकत नाही म्हणून राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्यास घाबरवू नये, असेही बजावले आहे.

हे सर्व आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. तरीही प्रस्तुत लेखकाने व्यवसायाच्या आरंभीची अनेक वर्षे रडणाऱ्या बालकाच्या आईस “घट्ट धरा” एवढेच सांगितले, हे येथे प्रांजळपणे नमूद करावेसे वाटते. नाडी पाहणे, पोट तपासणे, औषध लिहिणे हे सर्व वेगाने उरकले जाई. पुढच्या खेपेस तेच बालक पायरीवरूनच मागे वळे. अनुवर्तन हा शब्द ठाऊक होता. परंतु त्याची क्रिया ठाऊक नव्हती. ती क्रिया कलोपचारांच्या परिचयातून उलगडली.

नृत्योपचाराचा उगम

‘डान्स मूव्हमेंट थेरपी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नृत्योपचाराच्या प्रवर्तकांत मॅरियन चेस या अमेरिकन नर्तिकेचे नाव अग्रभागी घेतले जाते. वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात त्यांनी १९४२ मध्ये कामास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ होता. वर्षानुवर्षे कोणाशी न बोललेले रुग्ण तेथे होते. चेस त्यांना नृत्य शिकवीत नसत. रुग्ण ज्या लयीत झुलत असेल, ज्या ताठरपणाने उभा असेल, ती लय व तो ताठरपणा त्या प्रथम स्वतःच्या शरीरात घेत आणि त्याच भाषेत त्याला प्रतिसाद देत. पुढे या पद्धतीस ‘मिररिंग’ म्हणजे प्रतिबिंबन हे नाव रूढ झाले. १९६६ मध्ये अमेरिकन डान्स थेरपी असोसिएशनची स्थापना झाली व चेस तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

प्रतिबिंबन म्हणजे नक्कल नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मुले एकमेकांना वेडावून दाखवतात तेव्हाही हालचाल तीच असते, पण तिच्यात उपहास असतो. प्रतिबिंबनात हालचालीचे बाह्य रूप गौण असून तिची गती, जोर व भाव यांच्याशी एकरूप होणे महत्त्वाचे असते.

बालकांसमवेत हे काम साधारणपणे असे चालते. खोलीत धावणाऱ्या बालकास उपचारक थांबवीत नाही. तो काही अंतर राखून त्याच वेगाने धावतो. बालक थबकले की तोही थबकतो. काही वेळाने बालकाच्या लक्षात येते की, आपल्या थांबण्याने दुसरे कोणी थांबते आहे. ते मुद्दाम थांबून पाहते. त्या क्षणी ‘आता तुझी पाळी, आता माझी पाळी’ हा संवादाचा मूळ साचा शब्दांवाचून उभा राहतो. मग उपचारक हळूच एखादा छोटा बदल करतो. धावण्याचे चालणे होते, चालण्याचे डोलणे होते, आणि उत्तेजित झालेले बालक हळूहळू शांत होऊ शकते. प्रत्येक सत्राचा आरंभ व शेवट ठरावीक गाण्याने किंवा तालाने केला जातो, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असणे अशा बालकांना मोठा आधार वाटतो.

कुटुंब हाही उपचाराचा विषय

आठवड्यातून एकदा पाऊण तास उपचारकाकडे जाणारे बालक उरलेला सर्व काळ घरीच असते. म्हणून पालकांना सत्रात सामील करून घेण्यावर भर दिला जातो. स्वमग्न बालकाच्या आईवडिलांचे दुःख केवळ बालक बोलत नाही एवढेच नसते. आपण हाक मारतो आणि ते पाहत नाही, हा नकार त्यांना रोज अनेकदा सोसावा लागतो. त्यातून आई सतत आज्ञा देऊ लागते, वडील हळूहळू दूर होतात आणि घरात दोषारोप सुरू होतात. बालकाने पाहावे म्हणून धडपडण्याऐवजी आपणच त्याच्याकडे पाहावे, ते जे करीत आहे त्यात सामील व्हावे, एवढा बदलही आईवडिलांच्या मनावरचा मोठा भार हलका करू शकतो.

आपल्या परंपरेत हे काम आज्ज्या करीत आल्या आहेत. न्हाऊमाखू घालताना तेलाच्या हातांची लय, मांडीवरचे घोडा-घोडा, पदराआड तोंड लपवून पुन्हा दाखवणे, बडबडगीते, झिम्मा, फुगडी या सर्वांत ताल, पाळी व परस्परांवरील विश्वास आहे. फुगडी एकट्याने घालता येत नाही. समोरच्याच्या वजनावर आपले वजन तोलावेच लागते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षणाचे कार्य केले, त्यातही मुलांच्या अंगणात जाऊन, त्यांच्याच परिसरातील वस्तू, गाणी व खेळ घेऊन शिकवण्याचे तत्त्व होते. ते कार्य शिक्षणाचे होते, उपचाराचे नव्हे. परंतु बालकाच्या कलाने जाण्याची वृत्ती तीच.

चित्र : न सांगता येणाऱ्या दुःखाची वाट

चित्रोपचाराच्या इतिहासातील एक प्रकरण हृदयद्रावक आहे. बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेत शिकलेल्या व्हिएन्नाच्या चित्रकर्त्री फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस यांना १९४२ च्या डिसेंबरात नाझींनी टेरेझिन येथील बंदिस्त वस्तीत धाडले. तेथे आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलांना त्यांनी चित्रकला शिकवली. १९४४ च्या ऑक्टोबरात त्यांना ऑश्विट्झ येथे नेऊन ठार करण्यात आले. जाण्यापूर्वी त्यांनी मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवली होती. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ज्या मुलांनी ती काढली त्यांतील बहुतेक वाचली नाहीत. फ्रीडल यांच्या शिष्या एडिथ क्रेमर पुढे न्यूयॉर्कला गेल्या आणि बालकांच्या चित्रोपचाराच्या एक प्रमुख प्रवर्तक ठरल्या. कलेने त्या मुलांचे प्राण वाचवले नाहीत. तथापि भय व उपासमारीतही मुलाला काही काळ मूल राहता आले, हे मोल थोडे नव्हे.

भारतातही अशी परंपरा रुजत आहे. सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये स्थापन केलेली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था मानवी व्यापारातून व हिंसेतून सुटलेल्या मुली-स्त्रियांसाठी नृत्योपचाराचे कार्य करीत आली आहे. रुग्णालयात कलेला स्थान देणे आपल्याला नवे नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आतुरालयाची सिद्धता सांगताना औषधे व परिचारक यांच्याबरोबरच गीत, वाद्य, कथा व आख्यायिका यांत कुशल आणि रुग्णाचा अभिप्राय जाणणाऱ्या माणसांचाही समावेश केला आहे.

मर्यादांचे भान

येथे एक कटू गोष्ट सांगणे कर्तव्य आहे. हताश पालक कोणत्याही आश्वासनास लवकर भुलतात. ‘स्वमग्नता पूर्ण बरी करू’ अशा जाहिराती सर्व पॅथींत दिसतात आणि त्यांत काही वैद्यही असतात. कलोपचारांबाबत पुरावा काय सांगतो ते पाहावे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९ देशांतील ४ ते ७ वर्षे वयाच्या ३६४ स्वमग्न बालकांवरील अभ्यासात, नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिल्याने लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक आढळला नाही. २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेत २६ अभ्यास व १,१६५ व्यक्तींचा विचार झाला. संगीतोपचाराने एकंदर सुधारणा व जीवनमान यांत लाभ संभवतो, परंतु सामाजिक देवाणघेवाण व बोलणे यांत उपचाराअंती स्पष्ट फरक दिसत नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. नैराश्यावरील नृत्योपचाराच्या २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेस अवघे ३ अभ्यास व १४७ व्यक्ती उपलब्ध झाल्या, आणि त्यावरून ठोस विधान करता आले नाही.

म्हणून ‘हा बोलेल ना?’ या प्रश्नाला खात्रीचे उत्तर देण्याचा अधिकार आपणांस नाही. मात्र ‘याच्याशी नाते जोडता येईल का?’ या प्रश्नासाठी प्रयत्न सुचवण्याचा अधिकार निश्चित आहे.

वैद्याने काय करावे?

प्रथम, ओळख वेळेवर व्हावी. बारा महिन्यांपर्यंत बडबड अथवा बोट दाखवणे नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, चोवीस महिन्यांपर्यंत स्वतःचे दोन शब्दांचे वाक्य नाही, अथवा कोणत्याही वयात आलेली भाषा नाहीशी झाली, तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ असे म्हणून वाट पाहू नये. श्रवणतपासणी अवश्य करवावी आणि विकासतज्ज्ञांकडे पाठवावे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील बालकांची तपासणी करणाऱ्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकाऱ्यांचीच योजना आहे. पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा अंतर्भाव असल्याची माहितीही पालकांना द्यावी.

दुसरे, तपासणीची पहिली पाच मिनिटे बालकास सतरंजीवर मोकळे सोडावे. स्पर्श करू नये. त्याची गती, पालकांपासूनचे अंतर, ताठर असलेले अवयव, वारंवार केली जाणारी क्रिया यांची नोंद करावी. हे वेदनाध्यायाचेच आचरण होय.

तिसरे, पालकांना रोज ठरावीक वेळी दहा मिनिटांचा खेळ सुचवावा. दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवून, आज्ञा न देता, प्रश्न न विचारता, बालक जे करील त्याच्या मागोमाग जावे. त्याने तोंड फिरवले, कान झाकले किंवा अंग ताठ केले तर थांबावे. आई व वडील दोघांनी हे करावे.

चौथे, बालकाच्या चित्रावरून रोगनिदान करू नये. काळा रंग वापरला म्हणजे मन दुःखी, असे अनुमान अशास्त्रीय आहे. ‘हे काय काढलेस?’ याऐवजी ‘याबद्दल मला सांगशील का?’ असे म्हणावे आणि उत्तर न आल्यास स्वस्थ बसावे.

पाचवे, चालू असलेली वाचा व व्यवसायोपचाराची सत्रे बंद करण्याचा सल्ला देऊ नये. कलोपचार प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करवावेत.

चरकाचार्यांनी वायूस सर्व चेष्टांचा प्रवर्तक व मनाचा नियंता म्हटले आहे. चेष्टा आणि मन यांना एका सूत्रात पाहणारी ही दृष्टी आपला वारसा आहे. आधुनिक नृत्योपचार म्हणजे आयुर्वेदच होय, असा दावा करण्याचे मात्र कारण नाही. दोन भिन्न वाटांनी आलेली माणसे बालकाच्या दारी एकाच नम्रतेने उभी राहिली, एवढे म्हणणे पुरेसे आहे. पायरीवरून मागे वळणारे एखादे बालक पुढच्या खेपेस आपण होऊन सतरंजीवर येऊन बसले, तर सुश्रुताचार्यांच्या त्या एका शब्दाचे ऋण काही अंशी फिटले, असे समजावे.