“ही पोलीस केस आहे, आधी तक्रार नोंदवून या”

बलात्कार सोसलेली बाई दवाखान्याच्या दारात पोचली की हे वाक्य अजूनही तिच्या कानी पडते. म्हणणाऱ्याला तो नियमच वाटतो. नियम मात्र नेमका उलटा आहे. २०१३ पासून सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तातडीने आणि मोफत उपचार करायचे आहेत. पोलिसांना कळवण्याची जबाबदारीही रुग्णालयाचीच. उपचार नाकारणे हा गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नव्या भारतीय न्याय संहितेतही ही शिक्षा कायम आहे.

यात तासांचा हिशेब फार महत्त्वाचा. एचआयव्हीची बाधा टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी पाच दिवसांपर्यंत घेता येत असली, तरी जितकी लवकर तितका गुण जास्त. ‘तालुक्याला जा, जिल्ह्याला जा’ असे होत राहिले तर हे तास एसटीच्या थांब्यावर सरतात. गाडीभाड्यालाही पैसे नसलेल्या बाईचे तर सगळ्यांत आधी.

अंगावर जखमा नाहीत म्हणजे जबरदस्ती झालीच नाही, हा समज तर न्यायालयापर्यंत पोचला होता. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. तिच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, यावर बोट ठेवत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती मानता येत नाही, हेही आता कायद्यातच लिहिले आहे. भीतीने माणूस जागच्या जागी थिजतो. त्याला होकार म्हणणे हा अन्याय आहे.

तपासणीत योनीत बोटे घालून केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ करावीच लागते, असेही काहींना वाटते. तिला कसलाही शास्त्रीय आधार नाही. ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावले. पुराव्यासाठीच्या तपासणीला बाईने नकार दिला तरी उपचार थांबवता येत नाहीत.

“अंघोळ केली, कपडे धुतले, आता जाऊन काय उपयोग?” असे कुणी म्हणाले तर तिला थांबू देऊ नका. न धुतलेले कपडे असतील तर कागदी पिशवीत घ्या, नसतील तरी निघा. वाट अडली तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावा, आणि तिच्यासोबत आत जा.