हातात मावणारा एअरब्रश : प्रश्न रंगाचा नाही, हवेचा आहे

१४ एप्रिलची जयंती जवळ आली की आपल्या वस्तीत कमानी, फलक आणि चित्रे रंगविण्याची लगबग सुरू होते. फ्लेक्सच्या छापील फलकांनी हाताने रंगविणाऱ्यांचे बरेचसे काम हिरावून घेतले. तरीही विहाराच्या भिंतीवरचे बुद्धाचे चित्र किंवा बाबासाहेबांच्या चेहऱ्यावरील छायाप्रकाश यांसाठी आजही कलावंताचाच हात लागतो. असाच एक तरुण पेंटर मध्यंतरी माझ्याकडे कर्जाच्या अर्जाची माहिती विचारण्यास आला होता. त्याचा कॉम्प्रेसर जड होता. जिथे काम मिळे तिथे वीज असेलच असे नव्हते, आणि तो नेण्यासाठी रिक्षाचे भाडे मजुरीतूनच जात असे. तो म्हणाला, "साहेब, सगळं एका मुठीत मावेल असं यंत्र मीच बनवलं तर? थंड पेयाच्या बाटलीत पंपानं हवा भरायची आणि ती ब्रशला जोडायची."

मी कला शाखेचा पदवीधर. तरीही मुलाचे विज्ञानाचे पुस्तक घेऊन आम्ही दोघे हिशेबाला बसलो. त्या बैठकीत जे समजले ते आपल्या विद्यार्थ्यांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

प्रथम एअरब्रश म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतील आयोवा राज्यात अ‍ॅबनर पीलर यांनी १८७९ साली याचे पहिले रूप तयार केले. आजच्या एअरब्रशचे तत्त्व असे आहे. बारीक नोझलच्या तोंडाभोवतून हवा वेगाने बाहेर पडते. त्यामुळे तोंडापाशी दाब कमी होतो, रंग पुढे ओढला जातो आणि हवेच्या झोतात त्याचे धुक्यासारखे बारीक कण होतात. नोझलमध्ये एक टोकदार सुई असते. ती मागे सरकली की रंग जास्त येतो, पुढे आली की थांबतो. चांगल्या एअरब्रशमध्ये घोडा खाली दाबल्यावर हवा सुटते आणि मागे ओढल्यावर रंग येतो. बोटाच्या या दुहेरी हालचालीमुळेच गालावरची सावली हळूहळू विरत जाते.

ब्रश आणि रंगाची वाटी मुठीत सहज मावतात. मावत नाही ती हवा. ०.३ मिलिमीटरच्या नोझलला साधारण २० पीएसआय, म्हणजे १.४ बार दाब लागतो. स्कूटरच्या पुढच्या चाकात जवळजवळ एवढाच दाब असतो. या दाबाने काम करताना मिनिटाला कमीत कमी ६ लिटर मोकळी हवा खर्च होते असे धरू. मिनिटाला ६ लिटर म्हणजे सेकंदाला १०० मिलिलिटर. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

आता त्या तरुणाची बाटली घेऊ. अर्धा लिटरच्या बाटलीत ३ बार दाबाने हवा भरली आणि दाब १.४ बारपर्यंत उतरेतो वापरली, तर हाती येते ०.८ लिटर हवा. ती ८ सेकंदांत संपते! शिवाय ओरखडे गेलेली जुनी बाटली दाबाने फुटून डोळ्याला इजा होण्याची भीती वेगळीच. मोटारीच्या स्टेपनीत ३० लिटर जागा आणि २.२ बार दाब धरला, तरी काम ४ मिनिटे चालेल. कार्बन डायऑक्साइडच्या १२ ग्रॅमच्या नळकांडीतून सुमारे साडेसहा लिटर वायू मिळतो, म्हणजे एका मिनिटाची सोय. त्या नळकांडीत ६० बारच्या आसपास दाब असतो, त्यामुळे दाब उतरविणारी झडप लागतेच. स्प्रेच्या डब्यात द्रवरूप वायू असतो, म्हणून तो जास्त वेळ पुरतो. पण आज त्यात बहुधा प्रोपेन-ब्युटेनसारखे ज्वालाग्राही वायू वापरतात. घरी असे डबे भरणे म्हणजे आगीशी खेळ आहे.

तात्पर्य, मुठीत हवा साठवून चालत नाही, ती तिथल्या तिथे तयार करावी लागते. म्हणजेच छोटा पंप, मोटर आणि बॅटरी. मिनिटाला ६ लिटर हवा १.४ बारपर्यंत दाबण्यास सुमारे ९ वॅट शक्ती लागते. निम्मी घर्षणात व उष्णतेत वाया जाते असे धरल्यास १८ वॅट. लिथियमच्या १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब अशा एका सेलमध्ये ९ वॅट-तास ऊर्जा धरू. दोन सेलचे १८ वॅट-तास झाले, म्हणजे सलग तासभर काम. दोन्ही सेलचे वजन मिळून १०० ग्रॅमच्या आत येते. घोडा सोडताच मोटर थांबण्याची सोय केली, तर छोटेखानी चित्र एका चार्जिंगमध्ये पुरे होईल.

पंप बसविला तरी तीन अडचणी उरतात. पहिली, पंपाची हवा ठोक्याठोक्याने येते. मिनिटाला ३००० ठोके असतील, तर प्रत्येक ठोक्याला २ मिलिलिटर हवा येईल. मध्ये ५० मिलिलिटरची छोटी टाकी ठेवली की हे धक्के बरेचसे मुरतात आणि रेषा थरथरत नाही. दुसरी अडचण ओलाव्याची. पावसाळ्यात दमट हवा दाबून ती पुन्हा थंड झाली की मिनिटाला एखादा थेंब पाणी सुटते. तो थेंब चित्रावर पडला तर तासाभराची मेहनत वाया जाईल, म्हणून टाकीच्या तळाशी पाणी अडविण्याचा कप्पा हवा. तिसरी अडचण वजनाची. मोटर आणि सेल मुठीच्या खालच्या बाजूस असावेत. सगळे वजन पुढे आले तर मनगट लवकर थकते.

याहून महत्त्वाची गोष्ट जिवाची आहे. मोठा कॉम्प्रेसर नळीच्या दुसऱ्या टोकाला, लांब असतो. इथे मोटर रंगाच्या धुक्यातच आहे. साध्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात आणि थिनरची वाफ पेट घेऊ शकते. म्हणून असल्या यंत्रात पाण्यात मिसळणारा रंगच वापरावा. रुमाल बांधून रंगाचे कण अडत नाहीत, योग्य मास्क लागतो. मोटारीसाठीच्या हार्डनर मिसळलेल्या रंगांत आयसोसायनेट असते, त्यापासून दमा जडू शकतो. ते रंग या हातयंत्राने मुळीच फवारू नयेत.

हिशेब संपल्यावर तो तरुण बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे भिंतीला कॉम्प्रेसरच पाहिजे. हे चेहऱ्यापुरतं." अगदी बरोबर! मोठी पार्श्वभूमी भरायला मोठे नोझल आणि भरपूर हवा लागते, ते काम मुठीतल्या पंपाचे नव्हे. त्याने बाटलीचा नाद सोडला, आणि अर्जात मोठ्या रकमेऐवजी बॅटरीवरचे छोटे यंत्र व चांगला मास्क एवढीच मागणी लिहिली.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की, केवळ ऐकीव आहे किंवा परंपरेने आले आहे म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. यंत्राच्या बाबतीत ही पारख म्हणजे गुणाकार-भागाकार. शाळेतला हवेच्या दाबाचा धडा परीक्षेपुरता पाठ करून विसरू नये. त्याच धड्याने एका कलावंताचे डोळे आणि पैसे वाचले. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. ती प्रामाणिक तर असावीच, पण करणाऱ्याचे शरीरही तिने झिजवू नये. आपल्या वस्तीतल्या मुलांनी हातात ब्रश घ्यावा, एअरब्रशही घ्यावा. मात्र त्याआधी कागद-पेन्सिल घ्यावी, एवढीच विनंती.

जय भीम!