पन्नास हजार विहिरींवरून ट्रक

मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर. तेच ताशी 25 च्या वेगानं जायचं ठरवा. सहा तास! लोणावळ्यात घेतलेली चिक्की घरी पोचायच्या आत फस्त. कॅनडाच्या उत्तरेत ट्रकवाले भर हिवाळ्यात, उणे चाळीसच्या गारठ्यात असेच रांगत जातात. चाकांखाली डांबर नसतं. तळं असतं, गोठलेलं!

यलोनाइफ शहराजवळच्या टिबिट तळ्यापासून निघणारा हा रस्ता हिऱ्यांच्या खाणींकडे जातो. अंतर सुमारे 400 किलोमीटर. त्यातले जवळजवळ 340 बर्फावरून. म्हणजे मुंबईहून पुणं, पुण्याहून परत मुंबई, वर आणखी पनवेल. सगळं पाण्यावरून!

भरलेल्या मोठ्या ट्रकचं वजन 63 टनांच्या आसपास. खच्चून भरलेल्या चार एसट्या एकावर एक रचा, तेवढं. आणि हे ओझं पेलायला बर्फ किती जाड हवा? 107 सेंटिमीटर. बालवाडीतल्या पोराच्या उंचीएवढा, बस्स! वेग वाढवला तर बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि काठाशी बर्फ फोडते म्हणे. जाणकार सांगतात, आपण मान डोलवू. चालत्या ट्रकखाली बर्फ कडकड वाजत असतो, आणि गाडी हाकणारा शांतपणे कॉफी पीत असतो.

आता हा बर्फ मोजू. तळ्यावर रस्त्याची रुंदी सुमारे 50 मीटर. गुणाकार केला, वितळवला, तर पाणी भरतं साधारण 1,670 कोटी लिटर. सहा मीटर रुंद, बारा मीटर खोल अशी विहीर घ्या, काठोकाठ भरलेली. अशा जवळपास पन्नास हजार विहिरी! दहा हजार लिटरचे टँकर म्हणाल तर पावणेसतरा लाख. आणि ही सगळी दौलत दर उन्हाळ्यात वाहून जाते. पुढच्या थंडीत रस्ता पुन्हा पहिल्यापासून.

वापरायला मिळतात जेमतेम दोन-अडीच महिने. तेवढ्यात 2007 साली सुमारे 11 हजार खेपा झाल्या. दर दहा मिनिटांना एक ट्रक, दिवस-रात्र! एकामागे एक चिकटवून उभे केले तर शेपूट मुंबईत, तोंड साताऱ्याच्या पुढे. माल 3 लाख 30 हजार टन, आपल्या भाषेत नव्वदेक मालगाड्या. डिझेल, सिमेंट, यंत्रं, टायर, सगळं एकाच हंगामात वर चढलं.

आणि या खाणींतून निघतं काय? त्यातल्या एकट्या डायविक खाणीनं 2003 पासून 10 कोटी कॅरेटचा टप्पा केव्हाच ओलांडला. 10 कोटी! पण एक कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. करा हिशेब. वीस टन. इतक्या वर्षांचे एवढे हिरे आपल्या एका बारा टायरी ट्रकमध्ये मावतील, आणि वर ताडपत्री टाकायलाही जागा उरेल.