कोयनेचा न झालेला ॲल्युमिनियम कारखाना

१९६५ साली भारत ॲल्युमिनियम कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्यापुढे दोन प्रकल्प होते: कोरबा आणि कोयना. कोरब्यात १९७५ साली धातू तयार होऊ लागला. कोयनेचा प्रकल्प पुढे रत्नागिरीच्या नावाने रेंगाळला आणि उभा राहिलाच नाही. आज मागे पाहताना वाटते, की खनिजातल्या अशुद्धीवर रसायनशास्त्राकडे तोड होती. भट्टीतल्या वितळलेल्या क्षारांना लागणारी अखंड वीज मात्र कोयनेच्या जलविद्युत केंद्राला पेलणारी नव्हती.

सह्याद्रीच्या सड्यांवरचे बॉक्साइट बेसाल्ट झिजून बनलेले, म्हणून त्यात लोह आणि टायटॅनियम भरपूर, शिवाय थोडे व्हॅनेडियम. सुमारे ९६० अंश सेल्सिअसच्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून वीज सोडली, की ही संक्रमण मूलद्रव्ये ॲल्युमिनियमच्या आधी ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन घेतात. लोह सरळ धातूत उतरते. व्हॅनेडियमच्या संयुजा अनेक. त्याचे ऋणाग्रापाशी क्षपण होते, धनाग्राकडे पुन्हा ऑक्सिडीकरण, आणि प्रत्येक फेरीत धातू न देताच वीज खर्ची पडते. जे धातूत उरते, ते अत्यल्प असूनही तारेची वाहकता घटवते. मग हे खनिजच नालायक होते का? नाही. दाहक सोड्यात लोह आणि टायटॅनियम विरघळत नाहीत, लाल चिखलात जातात. धातूत उरलेले टायटॅनियम-व्हॅनेडियम बोरॉन घालून बोराइडच्या रूपात खाली बसवता येते. शिवाय व्हॅनेडियम धनाग्राच्या पेट्रोलियम कोकमधूनही येतेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अशाच बॉक्साइटपासून बेळगावात ॲल्युमिना बनलाही.

खरी अडचण विजेची. त्या काळी टनाला सुमारे १५,००० युनिट लागत. वर्षाला ५०,००० टनांचा कारखाना धरला, तर जवळपास ८५ मेगावॅट, रात्रंदिवस, बाराही महिने. पुरवठा काही तास तुटला तरी क्षार गोठू लागतात. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपाकडे बोट दाखवता येईल, पण त्यानंतरही जलविद्युत प्रकल्पाचे तिसरा आणि चौथा हे टप्पे उभे राहिलेच. नॉर्वे जलविजेवरच ॲल्युमिनियम करतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र कोयनेचे पाणी चार महिन्यांच्या पावसाचे, आणि कृष्णा पाणीवाटप लवादाने ते वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्यास वर्षाला ६७.५ टीएमसीचीच मुभा दिलेली. मोजक्या पाण्यातून राज्याची संध्याकाळची कमाल मागणी भागवायची, की तेच पाणी एका कारखान्यासाठी चोवीस तास वाहू द्यायचे? शेतीपंप आणि शहरे विजेसाठी ताटकळत असताना पहिली निवड योग्यच होती, असे माझे मत आहे.